सेबीच्या अध्यक्षांना खुले पत्र: इशारा ऑर्डरच्या खिडकीत द्या, मराठीत आणि रुपयांत

प्रति,
मा. अध्यक्ष, सेबी, मुंबई

महोदय,

ब्रोकरचे अ‍ॅप उघडले की ‘दहापैकी नऊ जणांना एफ अँड ओमध्ये (फ्युचर्स-ऑप्शन्स, म्हणजे पुढच्या तारखेच्या सौद्यांत) तोटा होतो’ अशी पाटी येते. 2023 साली आपण ती सक्तीची केलीत, आणि हेतू चांगलाच होता. पण ती बहुधा इंग्रजीत असते, अंगठा सवयीने पुढे सरकतो. वाचलीच तरी प्रत्येकाला आपण तो दहावा वाटतो. आपल्याच पाहणीत 2024-25 मध्ये 91 टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात निघाले, निव्वळ तोटा 1,05,603 कोटी रुपये.

सांगलीला वायदा, म्हणजे पुढच्या तारखेचा भाव आज ठरवणारा सौदा, नवा नाही, हळदीच्या पेठेने तो जुन्या काळापासून पाहिला आहे. पण गोदामात माल ठेवून वायदा विकणाऱ्या व्यापाऱ्याचे वायद्यात गेलेले मालात भरून येते. मोबाइलवर शेअरचा कॉल (ठरल्या भावाने शेअर घेण्याचा हक्क) घेणाऱ्या पोराकडे मालही नसतो आणि माल घ्यायला पैसाही नसतो. एक्स्पायरीला, म्हणजे सौद्याची मुदत संपते त्या दिवशी, तो नेमका तिथेच अडकतो.

समजा, शेअर 490 ला आहे. 500 चा कॉल शेअरमागे 4 रुपयांना (हा प्रीमियम), लॉट, म्हणजे एका सौद्यातले शेअर, 1,200 चा. खिशातून 4,800 गेले. ‘जाऊन जाऊन एवढेच जातील’ अशी खात्री. एक्स्पायरीला शेअर 503 वर बंद होतो. ऑक्टोबर 2019 पासून सगळ्या शेअर डेरिव्हेटिव्ह्जना (शेअरवरच्या फ्युचर्स-ऑप्शन्सना) डिलिव्हरी, म्हणजे प्रत्यक्ष शेअर घेणे-देणे, सक्तीची आहे, म्हणजे 1,200 शेअर 500 ने उचलायचे. सहा लाख रुपये! ऑप्शन इन द मनी, म्हणजे ठरल्या भावाच्या फायद्याच्या बाजूला, असला की आधीच्या चार दिवसांत डिलिव्हरी मार्जिन (आगाऊ भरायची अनामत) 10, 25, 45, 70 टक्के असे चढते. पैसे भरले नाहीत तर ब्रोकर मिळेल त्या भावाला सौदा कापतो, आणि तेव्हा समोर घेणारे मोजकेच असतात. पुट (ठरल्या भावाने शेअर विकण्याचा हक्क) घेतलेल्याचे आणखी अवघड. शेअर जवळ नसतील तर ते लिलावातून आणले जातात, फरक त्याच्या माथी.

जपून चालणाराही यात सापडतो. 500 चा कॉल घेतला, 520 चा विकला, शेअर 510 वर थांबला. विकलेला कॉल शून्य झाला, घेतलेल्याची डिलिव्हरी मात्र अंगावर.

निफ्टी या निर्देशांकाच्या ऑप्शनचा हिशेब रोखीत मिटतो, तिथे खर्च खातो. मंगळवारी, एक्स्पायरीच्या दिवशी, 10 रुपयांचा ऑप्शन 65 च्या लॉटला 650 रुपयांत मिळतो. जाता-येता 20-20 रुपये दलाली, वर 18 टक्के जीएसटी, झाले 47 रुपये 20 पैसे. एसटीटी (सौद्यांवरचा सरकारी कर) वेगळाच. प्रीमियम सव्वासात टक्के वाढला तरी हाती काही नाही, आणि त्या दिवशी प्रीमियम तासातासाला विरघळत असतो.

म्हणून मागणी अशी. ‘खरेदी’च्या बटणावरच, ग्राहकाच्या भाषेत, एक्स्पायरीपर्यंत ठेवल्यास लागणारी पूर्ण रक्कम आणि खर्च धरून कितीला विकल्यावर पैसे सुटतील तो भाव दिसला पाहिजे. कॉल विकणाऱ्याला तोट्याला मर्यादा नाही हे तिथेच स्पष्ट सांगावे. हे आकडे काढायला लागणारी सगळी माहिती ब्रोकरच्या सर्व्हरवर असतेच. डिलिव्हरीचे पैसे खात्यात नसतील तर एक्स्पायरीच्या पाच दिवस आधी मराठीत एसएमएस जावा, इंग्रजी ई-मेल पुरत नाही.

आज खात्यात हा एफ अँड ओ विभाग (सेगमेंट) सुरू करायला उत्पन्नाचा पुरावा मागतात, समज कोणी तपासत नाही. वरच्या 500 च्या कॉलचे उदाहरण द्या आणि विचारा: एक्स्पायरीला किती रुपये लागतील? उत्तर 4,800 आले तर सेगमेंट उघडू नका.

आपले,
सांगलीतील काही सब-ब्रोकर