इंट्रानेटही सर्वांना वापरता आले पाहिजे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिव्यांग व्यक्तींना नोकरीत सामावून घेण्याविषयी बोलताना रॅम्प, लिफ्ट आणि स्वच्छतागृहे यांचा उल्लेख होतो आणि तो व्हायलाच हवा. मात्र नोकरीवर रुजू झाल्यानंतर जिथे रोज जावेच लागते, त्या कार्यालयाच्या अंतर्गत संकेतस्थळाकडे, म्हणजे इंट्रानेटकडे, फारसे कोणाचे लक्ष जात नाही. हजेरी, रजा, पगारपत्रक, प्रवासखर्चाची बिले, परिपत्रके, सक्तीची प्रशिक्षणे आणि बढतीचे अर्ज असा बहुतेक सारा व्यवहार आता तिथूनच चालतो.

रजेच्या अर्जाचेच उदाहरण घेऊ. दृष्टिहीन कर्मचारी सहसा माउस वापरत नाही. टॅब कळ दाबत तो एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात जातो आणि रकाना कशाचा आहे हे स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारे सॉफ्टवेअर, त्याला वाचून दाखवते. परंतु रकान्याचे नाव नुसते शेजारी दिसत असेल आणि कोडमध्ये त्या रकान्याशी जोडलेले नसेल, तर त्याला केवळ ‘रिकामा रकाना’ एवढेच ऐकू येते. तारखेसाठीचे कॅलेंडर फक्त माउसच्या क्लिकने उघडते आणि तारीख टाइप करण्याची सोय ठेवलेली नसते. काही चुकले तर रकान्याची कड लाल होते, पण काय चुकले हे शब्दांत कुठेही लिहिलेले नसते. या खटाटोपात वेळमर्यादा उलटली, तर लॉगइन बंद होते आणि भरलेली माहितीही जाते.

अशा वेळी सहकाऱ्याची मदत घेण्यावाचून गत्यंतर नसते. स्वतःचे पगारपत्रक दुसऱ्याकडून वाचून घ्यायचे, आजारपणाचे कारण दुसऱ्याला सांगून लिहवून घ्यायचे, प्रसंगी पासवर्डही सांगायचा, म्हणजे माहितीच्या सुरक्षेचा जो नियम कार्यालय सर्वांकडून काटेकोरपणे पाळून घेते, तोच मोडण्याची पाळी या कर्मचाऱ्यावर येते. यात त्याचे खासगीपण जाते आणि कामात सक्षम असलेली व्यक्ती विनाकारण परावलंबी ठरते. ग्राहकाला एखादे संकेतस्थळ वापरता आले नाही, तर तो दुसरीकडे जाऊ शकतो. कर्मचाऱ्याला तशी मुभा नसते.

सक्तीच्या प्रशिक्षणांचीही हीच गत आहे. व्हिडिओला उपशीर्षके नसतील, तर कर्णबधिर कर्मचाऱ्याला तो समजत नाही. शेवटच्या चाचणीत उत्तरे माउसने ओढून जागेवर ठेवायची असतील, तर ज्यांच्या हातांच्या हालचालींवर मर्यादा आहेत ते तिथेच अडतात, आणि त्यांच्या नावापुढे ‘प्रशिक्षण अपूर्ण’ अशी नोंद राहते.

याबाबतचे निकष काही नवे नाहीत. वेबचे निकष ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्टियम या आंतरराष्ट्रीय संस्थेने ‘वेब कन्टेन्ट ॲक्सेसिबिलिटी गाइडलाइन्स’, म्हणजे संकेतस्थळे दिव्यांगांनाही वापरता यावीत यासाठीच्या मार्गदर्शक सूचना, १९९९ मध्ये प्रथम प्रसिद्ध केल्या आणि त्यांची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. प्रत्येक क्रिया कीबोर्डने करता यावी, नेहमीच्या आकाराचा मजकूर आणि त्याची पार्श्वभूमी यांच्यातील उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ : १ असावे, एकाच अर्जात तीच माहिती पुन्हा पुन्हा भरायला लावू नये, अशा नेमक्या अपेक्षा त्यांत आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या दिव्यांग हक्क कराराचे २७ वे कलम कामाच्या ठिकाणी वाजवी सोयी पुरवण्याविषयी स्पष्ट बोलते. युरोपीय संघाच्या २०१६ च्या निर्देशाने सार्वजनिक संस्थांच्या इंट्रानेटलाही या चौकटीत घेतले. मात्र २३ सप्टेंबर २०१९ पूर्वीच्या मजकुराला, त्या संकेतस्थळात मोठा फेरबदल होईपर्यंत, सूट दिली. ही सूट मला सदोष वाटते, कारण अंतर्गत प्रणाली वर्षानुवर्षे बदलल्या जात नाहीत आणि सर्वाधिक अडथळे जुन्यांमध्येच असतात.

हे काम खरेदीच्या टप्प्यावरच सुरू झाले पाहिजे. तयार प्रणाली विकत घेताना सुगम्यतेची, म्हणजे ती दिव्यांगांनाही वापरता येण्याची, अट करारात घालावी, चाचणीचा अहवाल मागावा आणि अट पूर्ण झाल्याशिवाय अंतिम देयक देऊ नये; एकदा प्रणाली बसली की प्रत्येक दुरुस्ती महाग पडते. स्वयंचलित चाचणीवर विसंबून चालत नाही, कारण चित्राला वर्णन दिले आहे की नाही हे ती सांगू शकते, ते वर्णन अर्थपूर्ण आहे की नाही हे माणसालाच ठरवावे लागते. म्हणून दिव्यांग कर्मचाऱ्यांकडून चाचणी करून घ्यावी आणि तो वेळ त्यांच्या कामाच्या तासांत धरावा. परिपत्रकाची सही केलेली प्रत स्कॅन करून टाकली की स्क्रीन रीडरच्या दृष्टीने ते निव्वळ चित्र उरते. मूळ फाइलमधून थेट तयार केलेली, मथळे नीट दिलेली पीडीएफ सोबत जोडली, तर तेच परिपत्रक वाचता येते. मजकूर चढवणाऱ्या प्रत्येक विभागाला एवढे तरी शिकवायलाच हवे.

आणखी एक गोष्ट तातडीची आहे. तक्रारीचा अर्ज त्याच इंट्रानेटवर असेल आणि तोही वापरता येत नसेल, तर अडचण नोंदलीच जात नाही आणि तक्रारी नाहीत, म्हणजे सगळे ठीक आहे, असा व्यवस्थापनाचा समज होतो. त्यामुळे दूरध्वनी आणि ईमेल या दोन्ही मार्गांनी तक्रार घेण्याची सोय असावी आणि दुरुस्ती कधीपर्यंत होईल, हे तक्रारदाराला लेखी कळवण्याची जबाबदारी एका नेमलेल्या अधिकाऱ्यावर असावी.

कळावे,
एक वाचक