हेलिओदोरसने नाव बदललं नाही

जुन्नर

प्रिय विनायक,
स. न.

तुझं पत्र आलं तेव्हा मी विदिशेला निघायच्या गडबडीत होतो. पत्र तसंच पिशवीत टाकलं आणि गाडीत वाचलं. सोबतचा तक्ताही पाहिला. डावीकडे आपले देव, उजवीकडे ग्रीकांचे: इंद्र म्हणजे झ्यूस, वरुण म्हणजे पोसायडन, यम म्हणजे हेडीस. खाली दर्शनांची जोडी, चार्वाक म्हणजे ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरस. आणि शेवटी तुझं ठाम वाक्य, "देव सगळे एकच रे, नावं तेवढी वेगळी." जाताना मला ते पटलं होतं. परत येताना पटेना. म्हणून हे लांबलचक पत्र.

आधी यमाचं बोलतो. झ्यूस, पोसायडन आणि हेडीस या भावांनी चिठ्ठ्या टाकून जग वाटून घेतलं आणि हेडीसच्या वाट्याला पाताळ आलं. तो जन्मापासून देव. ऋग्वेदातला यम मात्र मेलेला पहिला माणूस आहे. तो पुढे गेला, त्याने वाट शोधली, आणि आपले पूर्वज त्या वाटेने गेले. यमाचे खरे नातेवाईक हवे असतील तर पारशांच्या अवेस्ता ग्रंथातला यिम घे, उत्तर युरोपातला यिमिर घे. तिघांच्या नावाचा मूळ अर्थ 'जुळा'. कवितेतलं आपलं यमकही त्याच शब्दातलं. हेडीसशी त्याचं नातं फक्त खात्याचं, रक्ताचं नाही.

झ्यूसची गोष्ट तर याहून गुंतागुंतीची. झ्यूस, रोमनांचा जुपिटर आणि ऋग्वेदातला द्यौस् पितर हे खरोखर एकच नाव. आपला 'दिवस' आणि 'देव' त्याच मुळाचे. पण ऋग्वेदात द्यौस् जवळजवळ रिकामा बसलेला म्हातारा बाप आहे. वज्र हाती घेऊन राक्षसी सर्पाला मारायचं काम इथे इंद्राकडे, तिकडे झ्यूसकडे. म्हणजे नावाचा भाऊ एक आणि कामाचा भाऊ दुसरा. तक्त्यात एकाच रकान्यात कुणाला लिहिणार? आणि ग्रीकमध्ये देवाला 'थिऑस' म्हणतात, तो ऐकायला 'देव'सारखा, पण त्याचा आपल्या 'देव'शी काही संबंध नाही. कानावर विसंबून नाती जुळवली की असं फसायला होतं.

चार्वाकाबद्दल एवढंच सांगतो, की ही जोडी दोघांवरही अन्याय करते. एपिक्युरस देव मानत होता. ते आपल्या आनंदात असतात, आपल्याकडे लक्ष देत नाहीत, एवढंच त्याचं म्हणणं. आणि हा चैनीचा तत्त्वज्ञ म्हणून बदनाम झालेला माणूस मित्राला लिहितो की चीजचं एक भांडं पाठव, म्हणजे मनात येईल तेव्हा मेजवानी करता येईल. चार्वाकाचं तर स्वतःचं पुस्तकच उरलं नाही. ऋण काढून तूप प्यायचा श्लोक आपल्याला त्याच्या विरोधकांच्या ग्रंथातून कळतो. दोघांत सारखं काही असेल तर शत्रूंनी रंगवलेलं चित्र. त्यावरून त्यांना भाऊ ठरवणं मला बरोबर वाटत नाही.

आता विदिशा. गावाबाहेर बेस नदीकाठी बेसनगरला ग्रीक दूत हेलिओदोरसचा तो खांब उभा आहे. खाली अष्टकोनी, वर सोळा बाजू, मग बत्तीस, मग गोल. माथ्यावरचा गरुड गेला. गावचे लोक त्याला खाम बाबा म्हणतात. १८७७ मध्ये इंग्रज पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅम इथे आला तेव्हा खांबावर शेंदराचा इतका जाड थर होता की त्याला लेख दिसलाच नाही. १९०९ मध्ये शेंदूर निघाला तेव्हा अक्षरं बाहेर आली. मला आपल्या शिवेवरचा म्हसोबा आठवला. कितीतरी पिढ्यांनी वाचता न येणाऱ्या दगडाला शेंदूर फासून तो जपला, आणि त्या जपण्यानेच लेख झाकला गेला. पुढे १९१३ ते १९१५ मध्ये देवदत्त रामकृष्ण भांडारकरांनी तिथे उत्खनन केलं. रा. गो. भांडारकरांचे हे चिरंजीव.

लेख ब्राह्मी लिपीत, प्राकृतात, इ.स.पू. ११३ च्या सुमाराचा. "देवदेवस वासुदेवस गरुडध्वजे अयं", म्हणजे हा देवांचा देव वासुदेव याचा गरुडध्वज, तो उभारला भागवत म्हणजे वासुदेवाचा भक्त हेलिओदोरसने, दियाच्या मुलाने, तक्षशिलेच्या माणसाने, ग्रीक राजा महाराज अंतलिकिताचा यवन, म्हणजे ग्रीक, दूत म्हणून राजा भागभद्राकडे आलेल्याने. नावं बघ विनायक. हेलिओदोरस म्हणजे हेलिओसने, सूर्याने दिलेला. आपल्याकडे सूर्यदत्त म्हटलं असतं. बाप दियोन, त्याच्या नावात खुद्द झ्यूस. घरात नावापुरते का होईना, ग्रीक देव होते. आणि हा माणूस स्वतःला भागवत म्हणवतो.

त्याच्या दोनेकशे वर्षं आधी मेगॅस्थेनिस हा दुसरा ग्रीक दूत पाटलीपुत्रात होता. त्याने मथुरेच्या शूरसेनांचा देव पाहिला आणि लिहिलं, हा आमचा हेराक्लीस. बहुधा त्याने कृष्णाबद्दलच ऐकलं असावं. त्याने अगदी तुझ्यासारखा तक्ता मांडला. परक्या मुलखात आलेल्या माणसाला तसा आधार लागतो, हे मला समजतं. पण हेलिओदोरसलाही ते करता आलं असतं. 'हेराक्लीसचा खांब' असं कोरायला काही अडचण नव्हती. त्याने वासुदेव म्हटलं. नाव बदललं नाही. हा फरक मला फार मोठा वाटतो: एकाने देवाचं भाषांतर केलं, दुसरा त्याच्या दारात गेला.

त्याच खांबावर दुसरा छोटा लेख आहे. तीन अमृतपदं नीट आचरली तर स्वर्गाला नेतात: दम, त्याग, अप्रमाद. हेच तीन शब्द महाभारताच्या स्त्रीपर्वात आहेत, आणि धम्मपदात "अप्पमादो अमतपदं" आहे. म्हणजे भागवत काय किंवा बौद्ध काय, त्या काळची भाषा सगळ्यांची सामाईक होती. अप्रमाद म्हणजे सावध राहणं, मन एक क्षणही बेसावध न सोडणं. पुढे गुलामगिरीतून आलेला एपिक्टेटस हा स्टोइक पंथाचा तत्त्वज्ञ शिष्यांना अगदी हेच सांगतो. त्यांचा शब्द 'प्रोसोखे'. कुणी कुणाकडून घेतलं असं मी म्हणत नाही. पण तुलना करायचीच असेल तर मला इथे करावीशी वाटते, माणूस रोज स्वतःशी काय करतो त्याची. पिर्‍होसारखा ग्रीक तत्त्वज्ञ तर अलेक्झांडरबरोबर इथवर आला, इथल्या नग्न तपस्व्यांना भेटला, आणि परत जाऊन 'मत देणं थांबवा, मन शांत होईल' असं शिकवू लागला. तिथे निदान पायांनी चाललेला रस्ता तरी आहे.

आपल्याकडेही अशी माणसं होतीच. नाशिकच्या पांडवलेण्यात सतराव्या लेण्याचा दाता उत्तरेकडून आलेला यवन आहे, आणि त्याचं नाव इंद्राग्निदत्त! त्याने बौद्ध भिक्षूंसाठी लेणं खोदवलं. अशा नावाच्या यवनाने बुद्धाला लेणं दिलं, याला तक्त्यात कुठला रकाना देशील?

आणि नाणेघाट. कॉलेजात असताना तिथे आपण दोघं रात्री मुक्कामाला राहिलो होतो आणि भिंतीवरची अक्षरं नुसती बोटांनी चाचपली होती. सातवाहन राणी नागनिकेच्या त्या लेखाच्या सुरुवातीच्या ओळीत नमन कुणाकुणाला आहे, माहीत आहे? धर्माला, इंद्राला, संकर्षण आणि वासुदेवाला, चंद्र-सूर्याला, आणि यम, वरुण, कुबेर, वासव या चार लोकपालांना. इंद्र एकदा स्वतःच्या नावाने आणि पुन्हा वासव म्हणून. वैदिक यज्ञ करणारं घराणं, आणि त्याच ओळीत हेलिओदोरसचा वासुदेव. कुणालाही कुणात मिसळलेलं नाही. एकेकाचं नाव घेतलंय.

त्या ओळीपुढे आपण झोपलो होतो आणि वाचता आलं नव्हतं, याची मला आता रुखरुख लागते. लेखाचा पाठ मी वहीत उतरवून घेतला आहे. पावसात भिंती ओल्या असतात, तेव्हा दिवाळीनंतर ये. टॉर्च बाजूने तिरका धरला की अक्षरं उठून दिसतात. तुझा तक्ताही आण, तिथेच बसून भांडू.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
शरद