अनिकेत, कॅम्पचा पहिला दिवस झाला की वाच

चि. अनिकेत यास आईचे अनेक आशीर्वाद.

ओहायो मागे टाकल्याचा मेसेज मिळाला. कनेक्टिकटमध्ये डॅनबरीला पोचेपर्यंत रात्र होईल, तेव्हा हे आज वाचू नकोस. जेव, झोप, उद्या तुझ्या आइस हॉकी संघाच्या कॅम्पहून खोलीवर आलास की वाच. काल जेवताना बाबा बोलले, तू ताटावरून उठलास, आणि मला जे सांगायचं होतं ते तसंच राहिलं. फोनवर सांगायला गेले तर तू नुसतं ‘हो आई, हो आई’ करणार. म्हणून लिहिते.

आधी बाबांचं. ‘सत्ताविसाव्या वर्षी कोण खेळाडू होतं?’ हे ते तुला म्हणाले खरे. पण गणपतीत मंडळात ते काय सांगत होते ते मी माझ्या कानांनी ऐकलंय. कागदाच्या प्लेटवर पेनने आइस हॉकीच्या लीगची सगळी उतरंड काढली होती: सर्वांत वर एनएचएल, खाली एएचएल, मग ईसीएचएल, मग एसपीएचएल आणि फेडरल. मोदकाचं सारण सांडलेलं होतं प्लेटवर, ते बाजूला सारून सगळ्यात खालच्या नावावर बोट ठेवलं आणि म्हणाले, ‘इथं बोलावलंय आमच्या अनिकेतला. इथं येणारी पोरंसुद्धा चौथ्या-पाचव्या वर्षापासून बर्फावर असतात, आणि हा एकोणिसाव्या वर्षी पहिल्यांदा उभा राहिला.’ ऐकणाऱ्याला हॉकीतलं काही कळत नव्हतं, पण बाबा थांबेनात.

त्यांना काळजी विम्याची आणि नोकरीची. सव्वीस ओलांडल्यावर तू आमच्या विम्यात येत नाहीस, ऑफिसची रजा बिनपगारी, तिथं आठवड्याला हातात पडणार ते काहीशे डॉलर. ते त्यांचं ते बोलतील. त्यात मी पडत नाही.

मला एकच सांगायचंय. गळ्याचा पट्टा घाल. मास्कखाली लोंबणारी प्लास्टिकची ढाल वेगळी आणि गळ्याभोवतीचा कापडी पट्टा वेगळा, हे तूच मला शिकवलंस. दोन्ही घाल. ढाल मला गॅरेजमध्ये पकच्या, त्या रबरी चकत्यांच्या, बादलीत सापडली, दोऱ्या कात्रीने कापलेल्या. पायाशी पक आला की ती छातीला अडते, खाली नीट दिसत नाही, खटखट वाजते, हे सगळं तू सांगितलेलं माझ्या लक्षात आहे. नव्या दोऱ्या ओवून ती तुझ्या मोज्यांच्या पिशवीत ठेवली आहे. दोऱ्या थोड्या लांब ठेवल्यात, म्हणजे मान खाली घालताना अडणार नाही. बघ करून.

हे एकदाच लिहायचं ठरवलं होतं. झालं लिहून.

अॅन आर्बरची ती थंडी आठवते का रे? आम्ही तुला डबे द्यायला आलो होतो आणि तू म्हणालास, चला, गंमत दाखवतो. योस्टच्या रिंकवर पब्लिक स्केटिंग चाललेलं. एवढी मोठी जुनी विटांची इमारत, आणि बर्फावर सगळी चिल्लीपिल्ली. पाच-सहा वर्षांची पोरं तुझ्या आजूबाजूने सुळकन निघून जात होती, आणि तू सहा फुटांचा गडी कठड्याला धरून उभा. पडलास की तुझ्याआधी माझाच हात पुढे जायचा, मध्ये काच आहे हे विसरून. एका छोट्या मुलीने तुला उठायचं कसं ते दाखवलं, आधी एक गुडघा, मग त्यावर दोन्ही हात. तू तिचं ऐकून अगदी तसाच उठलास. बाबा मला म्हणाले, याला लाज वाटत नाही, हा शिकेल.

आणि गोली, म्हणजे गोल राखणारा, का झालास तर पिकअपच्या, जमतील त्यांनी मिळून खेळायच्या खेळात गोलीला पैसे पडत नाहीत! विद्यार्थ्याचा हिशेब. मग हौशी लीगमध्ये डी डिव्हिजन, सी डिव्हिजन, रात्री साडेदहाचे सामने, तळघरात ते दमट पॅड सुकायला टांगलेले, त्या वासाने सुमामावशी राहायला यायची बंद झाली. बी डिव्हिजनमध्ये गेलास तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की तू नुसता मध्ये उभा राहत नाहीस. दुसऱ्या बाजूचा मुलगा काठी मागे नेतो ना, तेव्हाच तू थोडा पुढे सरकतोस. गोलचं सहा फूट बाय चार फुटांचं ते तोंड, आणि तू पाऊलभर पुढे आलास की त्याला मोकळी जागाच दिसत नाही. कॉलेजात स्केटिंगला तू उशिरा लागलास, पण हे वाचणं तुझ्यात आधीपासून होतं. पत्त्यांच्या डावात आजी तुला घाबरायची ती यामुळेच.

माझ्या माहेरी हॉकी म्हणजे मातीवरची. खडकीत फॅक्टरीच्या वसाहतीत पोरांच्या हातात क्रिकेटच्या बॅटीपेक्षा स्टिकच जास्त. धनराज पिल्ले खडकीचाच, मोडक्या स्टिका बांधून भावांबरोबर खेळायचा, हे तर आता सगळ्या जगाला ठाऊक आहे. आमचा विजूमामा गोली होता. पॅड विकत घ्यायला पैसे कुठले? आजीने जुनी गोधडी कापून, आत कापूस दाबून, वर खाकी कापड घालून दोन पॅड शिवले होते. सुईने तिच्या अंगठ्याला घट्टा पडला. ते पॅड पावसात भिजले की इतके जड व्हायचे की मामा चालायचा नाही, लोळायचा. पण पायाला कधी लागलं नाही त्याला. लागलं ते वर, तोंडाला, जिथे काही बांधलेलं नव्हतं. पुढचं तुला माहीत आहे.

म्हणजे आले बघ परत तिथंच.

तर मग सगळंच सांगते. बफेलोच्या एनएचएल संघाचा क्लिंट मलार्चुक. 22 मार्च 1989, घरच्याच रिंकवर, सेंट लुईसच्या खेळाडूच्या स्केटचं पातं गळ्याला लागलं आणि मोठी शीर कापली गेली. तोही गोली होता, गोलसमोर उभा, तुझ्यासारखाच. आपली आई टीव्हीवर बघतेय हे त्याला ठाऊक होतं. तिच्यासमोर बर्फावर जीव जाऊ नये म्हणून तो आधाराने उठून चालत बाहेर गेला. संघाचा ट्रेनर जिम पिझुटेली व्हिएतनाममध्ये लष्करी मेडिक होता, त्याने बोटांनी शीर दाबून धरली. म्हणून वाचला. मी रक्तपेढीत इतकी वर्षं काढली. माणसाच्या अंगात साधारण 5 लिटर रक्त असतं. आमच्याकडून पिशव्या निघतात त्या फोन आल्यावर निघतात, आणि गळ्याची शीर कापली तर तो फोन होईपर्यंतचा वेळच नसतो. हे मी तुला घाबरवायला लिहीत नाही. माझं कामच ते आहे, मला ते घड्याळ माहीत आहे. प्रत्येक रिंकवर पिझुटेली नसतो.

आणि अॅडम जॉन्सन तर परवाचा. 28 ऑक्टोबर 2023, शेफिल्ड. मिनेसोटाचा मुलगा, एनएचएल खेळून इंग्लंडला नॉटिंगहॅमकडून खेळायला गेलेला. 29 वर्षांचा. सामन्यात त्याच्याही गळ्याला स्केटचं पातं लागलं, आणि तो वाचला नाही. त्या लीगमध्ये तेव्हा पट्ट्याची सक्ती नव्हती. पुढे आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाने आपल्या सगळ्या स्पर्धांत तो सक्तीचा केला. आपल्याकडे अमेरिकेत यूएसए हॉकी या संस्थेने 1 ऑगस्ट 2024 पासून लहान मुलांना सक्ती केली, मोठ्यांना नाही. शनिवारी सकाळी तू त्या आठ वर्षांच्या पोरांना शिकवायचास तेव्हा मी पाहिलंय, एकेकाची हनुवटी वर करून पट्टा चाचपल्याशिवाय तू कोणाला बर्फावर सोडायचा नाहीस. एकाने घरी विसरला म्हणून त्याला बाकावर बसवलंस, तो रडला तरी. मला त्या दिवशी तुझा फार अभिमान वाटला. आणि दहा मिनिटांनी तू स्वतः उघड्या गळ्याने गोलमध्ये जाऊन उभा राहिलास.

कॅम्पमध्ये कोणी नवखा म्हणून हसेल, त्याकडे लक्ष देऊ नकोस. रात्रभर बसचा प्रवास असेल तर पाणी पीत जा. मारामारी सुरू झाली की तू तुझ्या निळ्या अर्धवर्तुळात राहा, त्या लीगमध्ये मारामाऱ्या फार होतात म्हणे, आणि डॅनबरीच्या प्रेक्षकांना त्या आवडतात असंही वाचलं. गुडघ्याचं दुखणं लपवू नकोस, कोच विचारेल तेव्हा खरं सांग. पैसे उधार देऊ नकोस. कोणी वेदना थांबायच्या गोळ्या दिल्या तर आधी मला फोटो पाठव. भाषण सुरू झालं माझं. माफ कर राजा, तू काही अकरावीतला नाहीस. गोळ्यांचं मात्र राहू दे, ते भाषणात धरू नकोस.

डेव्हिड एअर्सची गोष्ट तू मला पहिल्यांदा सांगितलीस तेव्हा तुझे डोळे कसे झाले होते! 42 वर्षांचा माणूस, टोरंटोत रिंकवर काम करणारा, 22 फेब्रुवारी 2020 ला एनएचएलच्या सामन्यात कॅरोलायनाचे दोन्ही गोली जखमी झाले म्हणून त्यांच्या गोलमध्ये गेला. पहिले दोन पक आत गेले, मग पुढचे आठही अडवले, आणि सामना जिंकला. तुला त्यात ते आठ दिसले. मी नंतर वाचलं, की 2004 मध्ये त्याला मूत्रपिंड बदलावं लागलं होतं आणि ते त्याच्या आईने दिलं होतं. त्या रात्री त्या बाईला काय वाटलं असेल, याचा विचार मी बरेच दिवस करत होते. आपल्या अंगातला तुकडा देऊन ज्याला उभा केला, तो ताशी शंभर मैलांच्या पकसमोर उभा. तिने त्याला अडवलं नाही. मीही अडवत नाहीये, अनिकेत. हे तुला कळलं पाहिजे म्हणून लिहिते. काल मी गप्प बसले ते बाबांची बाजू घेऊन नव्हे.

तू तिसरा गोली असशील, सामन्याच्या दिवशी गणवेशसुद्धा मिळणार नाही, सरावात इतरांचे शॉट अंगावर घेणं हेच काम असेल, हे तू स्वतःच सांगितलंस. तरी रजा घेऊन गेलास. मला ते मोठं वाटतं. सरावातच सगळ्यात जास्त शॉट येतात, आणि सरावातच सगळे निवांत असतात, म्हणून सरावात पट्टा.

खंडेनवमीला तुझी जुनी स्टिक पाटावर ठेवणार आहे, बाबांच्या पान्यांशेजारी. बाबांनीच काढून दिली आहे, पुसून. ऑक्टोबरअखेर तुझा घरचा सामना आहे ना, त्याला मी आणि सुमामावशी तिच्या एडिसनच्या घरून गाडीने येतोय. तू खेळलास काय नि वरती बसलास काय. बाबांचं अजून ठरायचंय, पण ते आज सकाळी मला डॅनबरीत पार्किंग कुठं असतं ते विचारत होते. टोप्यांच्या कारखान्यांचं गाव होतं म्हणे ते, तेही त्यांनीच शोधून सांगितलं.

लसणाची चटणी बाहेर राहते, तूप पण. भाकऱ्या फ्रीजमध्ये ठेव. बाबांना तू आपणहून फोन कर, ते करणार नाहीत.

तुझी,
आई

ता. क. पट्टे दोन आहेत, एक ओला असला तर दुसरा. थंड पाण्यात हाताने धू आणि ड्रायरमध्ये टाकू नकोस, लेबलवर तसं लिहिलंय.