तक्रार: नेपल्सचा दिवस बदलला, ते आम्हाला का कळवले नाही?

दि. 3 नोव्हेंबर 2025

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय: ऑक्टोबरच्या क्रूझवर नेपल्स थांब्यातील बदल वेळेत न कळवल्याबाबत

महोदय,

आई, वडील, माझे यजमान आणि मी असे आम्ही चौघे आपल्या जहाजावर होतो. आम्ही भोकरदनचे, जिल्हा जालना. एवढा खर्च आम्ही कशासाठी केला, ते बुकिंग करतानाच आपल्या प्रतिनिधीला सांगितले होते.

इटलीत नेपल्सजवळ ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई या प्राचीन शहराच्या उत्खननात 1938 साली एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. वीतभर उंचीची ही मूर्ती आता नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे. भोकरदनच्या उत्खननातही तिच्याशी मिळतीजुळती हस्तिदंती मूर्ती निघाली. पॉम्पेईची मूर्ती आमच्याच गावच्या कारागिरांनी घडवली असावी, असे काही अभ्यासक मानतात. माझे वडील इतिहासाचे शिक्षक होते, आज 76 वर्षांचे आहेत. आयुष्यभर वर्गात जिच्याबद्दल सांगितले, ती मूर्ती त्यांना एकदा समोर उभे राहून पाहायची होती.

आपली पॉम्पेई सहल संग्रहालयात जात नाही, म्हणून आम्ही स्वतः जायचे ठरवले. बंदराजवळच्या म्युनिचिपिओ स्थानकावरून मेट्रोने गारिबाल्दी, तिथून सोरेंतोच्या लोकलने पॉम्पेई, आणि दुपारी परत येऊन संग्रहालय. सकाळी 7 ते संध्याकाळी 7 या थांब्यात हे सगळे नीट बसत होते. पॉम्पेईत आता दिवसाला 20 हजार लोकांनाच सोडतात आणि तिकिटावर नाव असते, म्हणून सोमवारची तिकिटे आधीच काढली. संग्रहालय मंगळवारी बंद असते. सोमवारी नेपल्सला थांबणारी सफर आम्ही मुद्दाम त्यासाठीच निवडली होती.

रविवारी रात्री केबिनमध्ये पत्रक आले: सोमवारी पालेर्मो, मंगळवारी नेपल्स.

थांबे बदलण्याचा हक्क आपल्या अटींमध्ये आहे, ते मला मान्य आहे. माझी तक्रार वेगळी आहे. जेवणाच्या टेबलावर शेजारी बसलेल्या कुटुंबाने आपली पॉम्पेई सहल घेतली होती. त्यांना या बदलाचा ईमेल नऊ दिवस आधी आला होता, तो त्यांनी मला फोनवर दाखवला. काउंटरवर विचारले, तर "सहल घेतलेल्यांनाच कळवतो" असे उत्तर मिळाले. भाडे आम्हीही पूर्ण भरले होते. नऊ दिवस आधी कळले असते, तर विमानाची तिकिटे बदलून नेपल्सला एक दिवस जास्त राहिलो असतो. तेवढी तयारी आमची होती.

मंगळवारी नवीन तिकिटे काढून पॉम्पेई पाहिले. मूर्ती जिथे सापडली त्या विया देल्लाब्बोन्दान्झा रस्त्यावरून वडील अगदी सावकाश चालले. संग्रहालय मात्र बंदच होते. या वयात ते पुन्हा इतका प्रवास करू शकणार नाहीत.

वाया गेलेल्या चार तिकिटांची रक्कम आणि वडिलांचे सफरीचे भाडे परत करावे. थांब्यातील बदल सर्व प्रवाशांना एकाच वेळी कळवला जाईल, असे लेखी द्यावे. पावत्या आणि ते पत्रक सोबत जोडले आहे. 30 दिवसांत उत्तर न आल्यास जालना येथील जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन.

आपली,
(सही)