डॅकची तुलना आवाज जुळवून व्हावी

संपादक महोदय,

डिजिटल ध्वनीचे विद्युतलहरीत रूपांतर करणाऱ्या ‘डॅक’विषयीचा आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. रोधकांच्या (रेझिस्टरच्या) शिडीवर चालणाऱ्या जुन्या पद्धतीत गाणे जिवंत राहते आणि आजच्या डेल्टा-सिग्मा पद्धतीत ते कोरडे पडते, हे त्यातील विधान मला मान्य नाही.

शिडीच्या पद्धतीत प्रत्येक बिटाला त्याच्या वजनाप्रमाणे वाटा मिळतो व त्यांची बेरीज होते. कल्पना सरळ आहे. परंतु १६ बिटांत लहरीच्या उंचीच्या ६५,५३६ पायऱ्या येतात आणि सर्वांत मोठ्या बिटाच्या वाट्यात लाखात तीन भागांचा फरक पडला, तरी चूक एका पायरीएवढी भरते. इतके अचूक रोधक महाग पडतात. डेल्टा-सिग्मा पद्धत मोजक्याच पायऱ्यांवर, पण अतिशय वेगाने चालते आणि तिच्यातून निर्माण होणारा गोंगाट श्रवणकक्षेच्या वर ढकलून तिथे गाळून टाकते. शिडीचे कित्येक डॅक ओव्हरसॅम्पलिंगशिवाय, म्हणजे ध्वनीच्या नमुन्यांचा दर आधी कित्येक पट न वाढवता चालणारे, असे विकले जातात. तसे असल्यास सीडीच्या ४४.१ किलोहर्ट्‌झ (सेकंदाला ४४,१०० नमुने) दराला २० किलोहर्ट्‌झजवळचा आवाज सुमारे ३ डेसिबलने उतरतो. त्याच उताराला पुष्कळदा गोडवा म्हटले जाते, असे माझे मत आहे.

फोंड्यातील आमच्या घरी भाच्याने आणलेला शिडीचा डॅक आणि माझा डेल्टा-सिग्मा डॅक आम्ही आळीपाळीने लावले. केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी शिडीवर अधिक भरदार वाटली आणि मीही क्षणभर हरखलो. मग १ किलोहर्ट्‌झचा सूर सोडून दोन्हींच्या आउटपुटवर मल्टीमीटर धरला, तेव्हा माझ्या डॅकवर २ व्होल्ट आणि भाच्याच्या डॅकवर २.४ व्होल्ट दिसले, म्हणजे दीड डेसिबलहून थोडा जास्त फरक. एवढा फरक कानाला मोठेपणा म्हणून नव्हे, तर दर्जा म्हणून जाणवतो. पातळी जुळवून, कोणता डॅक चालू आहे हे न सांगता पुन्हा ऐकले, तेव्हा आम्हा दोघांनाही ते ओळखता आले नाही. शिवाय ते ध्वनिमुद्रण लाखेच्या तबकडीच्या काळातले. तिची खरखर कोणत्याही बऱ्या डॅकच्या गोंगाटाहून कितीतरी मोठी असते.

पणजीतील एका विक्रेत्याने भाच्याला दोन्ही डॅक असेच, आवाज न जुळवता ऐकवले होते आणि महागडा गळ्यात घातला होता. म्हणून विनंती, की यापुढे अशा लेखांत तुलना आवाज जुळवून केली होती की नाही, हे आवर्जून छापावे.

आपला,
एक श्रोता, फोंडा