पेशीपटल म्हणजे भिंत नव्हे

संपादक महोदय,

आपल्या विज्ञान पुरवणीतील पेशीरचनेवरचा लेख वाचला. आकृत्या सुबक आहेत; मात्र त्यात पेशीपटलाला, म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ आवरणाला, ‘संरक्षक भिंत’ म्हटले आहे, ते खटकले. भिंत वनस्पतींच्या पेशींना असते आणि तीही पटलाच्या बाहेर. पटल वाकते, त्याला खळगा पडतो, कोंब फुटतात, आणि याचे एक कारण त्यातील लिपिड, म्हणजे स्निग्ध पदार्थांच्या, रेणूंच्या ये-जा करण्यात आहे.

जेमतेम ४ ते ५ नॅनोमीटर जाडीच्या या पटलात फॉस्फोलिपिड नावाच्या लिपिड रेणूंचे दोन थर असतात; प्रत्येक रेणूचे डोके पाण्याकडे, तर तेलकट शेपट्या मधल्या भागाकडे असतात. आपल्या थरात रेणू सहज सरकतो. पण पलटी मारून पलीकडच्या थरात जायचे, तर पाण्याची ओढ असलेले डोके मधल्या तेलकट भागातून न्यावे लागते, त्यामुळे आपोआप तसे घडायला कित्येक तास, कधी दिवसही लागतात. म्हणून पेशी हे काम प्रथिनांकडून करून घेते. फ्लिपेज हे प्रथिन एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, खर्चून फॉस्फॅटिडिलसेरीनसारखे फॉस्फोलिपिड रेणू आतल्या थरात नेते, तर स्क्रॅम्बलेज हे प्रथिन ऊर्जा न वापरता दोन्ही दिशांनी सरमिसळ करते.

आता दोन्ही थर एकमेकांना चिकटलेले असल्यामुळे एकात रेणू वाढून त्याचे क्षेत्रफळ दुसऱ्यापेक्षा जास्त झाले, की तो फरक पटलाला वाकूनच सामावून घ्यावा लागतो. अस्तर आटले की कापडाची कड आत वळते, तसेच हे. शीट्झ आणि सिंगर या शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये तांबड्या रक्तपेशींच्या आकाराचा उलगडा याच तत्त्वाने केला. पुढे झालेला एक प्रयोग तर वर्गात सांगण्याजोगा आहे. तांबड्या रक्तपेशींमध्ये आखूड शेपट्यांचे फॉस्फॅटिडिलसेरीन बाहेरून मिसळले, की ते आधी बाहेरच्या थरात शिरते आणि तबकडीसारखी पेशी काटेरी होते. मग फ्लिपेज तेच रेणू आत ओढू लागते, काटे विरतात आणि शेवटी पेशी वाटीसारखी खोलगट होते. पेशीतील एटीपी आधीच संपवले असेल, तर काटे तसेच राहतात.

आकाराचे सारे श्रेय लिपिडांना द्यावे, असे मात्र नाही. पटलाखालचा प्रथिनांचा सांगाडाही आकार सांभाळतो, आणि कोलेस्टेरॉल सहज पलटत असल्याने थरांमधला ताण काही अंशी हलका करते.

पुढील भागात पटलाचे दोन्ही थर निरनिराळ्या रंगांत छापावेत, ही विनंती. दोन्हींतले रेणू सारखे नसतात, हे सध्याच्या एकरंगी आकृतीवरून कळत नाही.

आपला,
जीवशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक