पावसाळ्याआधीची तयारी : रविवारी सकाळी ९ वाजता चाळीच्या पटांगणात

सर्व सभासदांना नमस्कार,

मदत गटाची पावसाळापूर्व बैठक आणि सराव येत्या रविवारी सकाळी ९ ते ११ या वेळेत होईल. प्रत्येक मजल्यावरून किमान दोघांनी यावे. तरुण मुली आणि गृहिणींनी आवर्जून यावे, कारण दुपारी पाणी भरते तेव्हा घरात बहुतेक त्याच असतात.

रविवारची कामे :
– एकटे राहणारे ज्येष्ठ, आजारी आणि गरोदर स्त्रिया यांची मजलावार यादी करणे. तळमजल्यावरच्यांना वर कोणाकडे न्यायचे, हेही तेव्हाच ठरवू.
– मीटरचा मेन स्विच कोण बंद करणार, ते ठरवणे. पाणी मीटरपर्यंत पोहोचले असेल तर कोणीही हात लावायचा नाही, वीज कंपनीला फोन करायचा.
– दोर, बॅटऱ्या आणि प्रथमोपचार पेटी तपासणे.

एक नियम सर्वांसाठी : पाणी लवकर उतरावे म्हणून मॅनहोलचे झाकण उघडू नका. २९ ऑगस्ट २०१७ ला एल्फिन्स्टन रोड परिसरात उघड्या मॅनहोलमध्ये पडून एका डॉक्टरांचा जीव गेला. झाकण निघालेले दिसले तर तिथे काठी किंवा झाडाची फांदी रोवा, माणूस उभा करा आणि महापालिकेच्या १९१६ वर कळवा.

पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यातून चालावे लागले, तर लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा तापाचा आजार) धोका असतो. ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवा.

रुग्णवाहिका १०८, अग्निशमन १०१. हे क्रमांक दारामागे लिहून ठेवा.

येणाऱ्यांनी शनिवारी रात्रीपर्यंत ग्रुपवर नाव आणि मजला कळवावा.